बेटावर वाळत घातलेला रविवार

आमच्याकडे मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोरा, उंच, दाढीवाला, घोड्यावरून हिंडणारा माणूस उभा राहतो. मी सावळा, उंचीने बेताचा, दाढी मागितली तरी येत नाही. घोड्यावर एकदाच बसलो, तोही जत्रेतला, लाकडी. त्यामुळे मी मिशनरी होऊन स्कॉटलंडला चाललोय हे कळल्यावर इगतपुरीच्या स्टँडवर भेटलेले आमचे गणिताचे सर चक्रावले.

"अरे, उलटं झालं ना! ते इकडे यायचे."

"सर, त्यांच्याकडचे संपले."

विनोद केला खरा, पण तो बराचसा खरा होता. स्कॉटलंडच्या वायव्येला एक वाऱ्याने झोडपलेलं बेट आहे. तिथल्या एका लहानशा मंडळीला कित्येक वर्षं पाळक मिळत नव्हता. तरुण माणसं शहरात गेलेली, मागे राहिलेली म्हातारी मूठभर. त्यांनी आमच्याकडे वर्षभरासाठी एखादा तरुण सेवक मागितला आणि जाता जाता सांगितलं, पाऊस सोसणारा द्या. मी इगतपुरीचा म्हटल्यावर पुढे माझी मुलाखत झालीच नाही.

निरोपाला इगतपुरीहून दोन क्रूझर गाड्या भरून मंडळी ओझरच्या विमानतळावर आली होती. झेंडूचा हार झाला, शाल झाली, ढोलकीवर दोन गाणी झाली. रेल्वेतून निवृत्त झालेले माझे बाबा गेटवरच्या जवानाला न विचारता सांगत होते, "मुलगा मिशनरी हाय. परदेशात." आईने बॅगेत कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी घातली होती. फुटू नये म्हणून तिला माझे होते नव्हते तेवढे पांढरे मोजे गुंडाळले होते. पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथे आहे. आईला मात्र हे अजून मान्य नाही.

वर्षभर राहून परत आलो. लोक विचारतात, कसं होतं? मी पहिल्याच आठवड्याचं सांगतो. बाकीचं वर्ष त्या आठवड्याने मला दिलं, नाहीतर मिळालं नसतं.

शनिवार : धक्का

बोटीतून उतरलो तेव्हा धक्क्यावर काळा कोट आणि काळी टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. हा डोनाल्ड, तिथल्या मंडळीचा मुख्य पंच. त्याने माझा हात पंपाचा दांडा हलवावा तसा एकदा खाली-वर केला.

"प्रवास?"

"छान झाला."

"आठ दिवस बघू. पुढच्या रविवारी उपासना झाली की हात वर करून ठरवू. ठेवायचं की परत पाठवायचं."

मला वाटलं गंमत करतोय. म्हणून मी हसलो. तो हसला नाही.

(बेटावरची माणसं आपसात गेलिक आणि माझ्याशी इंग्रजी बोलत. इथे मी त्यांना आपल्या मराठीत बोलायला लावलंय. त्यांनी माझ्या लोणच्याला जी नावं ठेवली ती पाहता एवढी परतफेड चालेल.)

गाडीत मी मनातल्या मनात चित्र पाहिलं. ओझरचा हार आईने घराच्या दारावर टांगला असणार. तो पुरता सुकायच्या आत मी बॅग घेऊन त्याच दारात उभा. कॉलनीत बायका विचारणार, "काय वो, मिशनरी लवकर आला?" बाबा पुन्हा कोणत्याही जवानाशी बोलणार नाहीत.

माझी राहायची सोय केटी नावाच्या विधवा आजीकडे होती. सत्तरी ओलांडलेली, गालांवर वाऱ्याने काढलेला लाल रंग, आणि बोलणं मऊ. तिने गरम सूप आणि लोणी लावलेले स्कोन, म्हणजे आपल्या खारीची जाडजूड मावशी, पुढे केले. मी आपल्या रिवाजाप्रमाणे म्हणालो, "नको, नको, पोट भरलंय." केटी आजीने "बरं" म्हणून ताटली उचलून नेली. आग्रह नाहीच. दुसऱ्यांदा विचारणं नाही, 'माझी शपथ' नाही. मी स्कोन आत जाताना बघत राहिलो.

उपाशीपोटी बॅग उघडली. बरणी फुटली होती. तेल, हळद, मोहरी सगळ्या कपड्यांतून मनसोक्त हिंडून आली होती. सदरे ठिकठिकाणी, पण मोजे सगळेच्या सगळे पिवळेधमक.

रविवार : तार

तिकडे मे महिन्यात फार लवकर उजाडतं. डोळे उघडले तर खिडकीत स्वच्छ ऊन. वारा असा की ओल्या गोधड्यांचा ढीगसुद्धा चहा होईपर्यंत वाळावा.

आता इगतपुरीच्या माणसाला उन्हाची किंमत सांगायला नको. पावसाळ्यात आमच्याकडे चार घटका ऊन पडलं तर अख्खी रेल्वे कॉलनी गाद्या, उशा, स्वेटर, म्हातारी माणसं असं सगळं बाहेर काढून ठेवते. त्यात तो रविवार. आमच्याकडे रविवार म्हणजे धुण्याचा वार. बाबांना तेवढीच सुट्टी. सकाळी चर्च, मग धुणं, मग मटण. हा क्रम मला बायबलमधला वाटायचा.

आजी झोपलेली. मशीनच्या आवाजाने उठेल म्हणून मी न्हाणीतल्या टबात बसून सगळे कपडे हातांनी धुतले. तिथेच तिच्या धुण्याची टोपली दिसली. म्हटलं, पाहुणा आहोत, तेवढंच पुण्य. तिची चादर, टॉवेल, एप्रन, तेही धुऊन काढलं. घरापासून गोठ्यापर्यंत तार होती, ती भरली. उरलेलं रस्त्याकडेच्या काटेरी कुंपणावर घातलं. मोजे एकेक करून ओळीने. सगळं फडफडायला लागलं तेव्हा मला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.

केटी आजी स्वयंपाकघरात आली. खिडकीतून बाहेर बघितलं आणि खुर्चीवर बसली.

"अवी, ती जांभळ्या फुलांची चादर माझी ना?"

"हो आजी. टॉवेलही धुतले. आभार मानू नका."

"नाही मानत," ती हळू म्हणाली. "आज वार कुठला?"

"रविवार."

"हं."

मग तिने मला समजावलं. रागावली असती तर बरं झालं असतं. इथे रविवार म्हणजे शब्बाथ, देवाने नेमलेला विसाव्याचा दिवस. दुकान बंद, शेत बंद. बटाटे शनिवारी सोलून ठेवायचे. आणि तारेवर धुणं? तिच्या आठवणीत या गावात रविवारी कुणाच्या तारेवर चिमटासुद्धा राहिला नव्हता.

मी उडालोच. "आत्ता काढून आणतो!"

"खबरदार. काढणं हेही कामच."

"मग?"

"मग काय. उद्यापर्यंत फडफडू दे."

चर्चला जायची वाट नेमकी त्या कुंपणाला लागून. काळे कोट, काळ्या टोप्या, काळे झगे घातलेली मंडळी माझ्या पिवळ्या मोज्यांशेजारून गेली. एकानेही मान वळवली नाही. आपल्याकडे एवढ्या लोकांतल्या निम्म्यांनी तरी थांबून विचारलं असतं, "साबण कोणता वापरला?"

चर्चच्या दारात मी सवयीने बूट काढले. आमच्याकडे चपला दारात ठेवतात. आत गेलो तर सगळ्यांच्या पायांत बूट, आणि लाकडी फरशीवर माझे दोन पिवळे पाय. त्यातल्या त्यात फिका जोड धुण्यातून बाजूला ठेवून घातला होता, पण काळ्या गर्दीत तो विजेरीसारखा पेटला. त्यात तिथे गाताना बसतात आणि प्रार्थनेला उभे राहतात. आमच्याकडे नेमकं उलट. स्तोत्र सुरू झालं, मी एकटा ताडकन उभा. प्रार्थना सुरू झाली, मी एकटा बसलेला.

गाणं मात्र मी विसरणार नाही. पेटी नाही, तबला नाही. डोनाल्डने एकट्याने एक ओळ टाकली आणि बाकीच्या म्हाताऱ्यांनी ती उचलली. पण एका सुरात नाही. प्रत्येकजण आपापल्या वाटेने, कुणी आधी, कुणी मागून, लाट येऊन खडकावर फुटावी तशी. आमच्या भजनातही एक सांगतो आणि सगळे झेलतात, पण टाळ आम्हांला एका रेषेत ठेवतो. इथे रेष नव्हती, समुद्रच होता. हे सोडून परत जावं लागू नये असं मला तेव्हा पहिल्यांदा मनापासून वाटलं. हाराच्या भीतीपेक्षा ही भीती वेगळी होती.

दुपारी पाऊस आला. मी आणि आजी खिडकीत बसून आमचं धुणं भिजताना पाहत होतो.

"देवाने पुन्हा खळबळून काढलं," मी म्हणालो.

"त्याला रविवारी चालतं," केटी आजी म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. लगेच तोंडावर हात ठेवला.

सोमवार, मंगळवार : फोन

सोमवारी उजाडता उजाडता तारेवरचे कपडे काढून आणले. आजीला विचारलं, "लोक तुम्हांला काही बोलतील का?"

"बोलणार नाहीत. तेच तर वाईट. माझ्या चादरीची फुलं सगळा गाव ओळखतो."

आईला फोन करून सांगितलं. तिला पटेचना.

"तिकडं लय पाऊस हाय म्हणतो ना तू?"

"हो."

"मग ऊन दिसल्यावर वाळत नाय घालायचं, तर काय त्याचा फोटू काढायचा? ऊन देवानंच दिलंय ना? आन् बरणी कशी फुटली? मी मोजे गुंडाळले होते."

तिच्या मागून बाबांचा आवाज आला, "ठेवतील ना रं त्याला?" मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

आता बिघडलेलं सुधारायचं ठरवलं. नाशकात आमच्या प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं, परदेशात कुणाकडे न सांगता जायचं नाही, आधी फोन करून वेळ घ्यायची. मी मंगळवारी ओळीने सगळ्यांना फोन केले. "नमस्कार, मी नवा पाळक. आपल्याला भेटायला कधी येऊ?" पलीकडून प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, घाबरलेल्या आवाजात, "कोण गेलं?"

संध्याकाळी केटी आजी डोळे पुसत हसली. त्या बेटावर कुणी वेळ घेत नाही. मागचं दार उघडंच असतं, ढकलायचं, आत जायचं, चुलीपाशी बसायचं. पाळक आधी फोन करतो तो फक्त मरणाची बातमी द्यायला. म्हणजे इगतपुरीत मी जसा वागायचो तसाच वागलो असतो तर बरोबर ठरलो असतो. जिथे घरच्यासारखं वागायचं नव्हतं तिथे वागलो, जिथे वागायचं होतं तिथे शिष्टाचार केला. सगळा गाव त्या दिवशी विनाकारण सुतकात बसला.

बुधवार : काळी माती

डोनाल्ड पीट उचलायला चाललाय असं कळलं आणि मी न विचारताच गेलो. पीट म्हणजे दलदलीतली काळी माती. विटांसारखी कापतात, वाळवतात, वर्षभर चुलीत जाळतात. वास थेट आपल्या गोवऱ्यांच्या धुरासारखा, फक्त शेण वजा. डोनाल्डने कापलेले ओले तुकडे माळावर पसरले होते. ते आता वाळायला रचायचे होते.

मी बाह्या सरसावल्या. गोवऱ्यांचा हुडवा रचताना मी लहानपणापासून पाहिलंय. गच्च, गोल, वरून निमुळता, पावसाचा थेंब आत जाऊ नये असा. तासाभरात कमरेइतका हुडवा उभा केला. घाम पुसला. कौतुकाची वाट पाहिली.

डोनाल्ड आला. हुडव्याभोवती एक फेरी मारली.

"देखणा आहे."

"आभारी आहे!"

"वाळणार कसा?"

वाळलेल्या गोवऱ्या रचायच्या असतात. पीट ओली असते. तिचे चार-पाच तुकडे एकमेकांना टेकवून उभे करायचे, मधून वारा खेळला पाहिजे. मी वाऱ्याचे सगळे रस्ते बंद केले होते. डोनाल्डने हुडवा मोडायला घेतला. मीही खाली बसून मोडू लागलो. तेवढ्यात वारा पडला आणि मिज नावाचे मोहरीएवढे कीटक ढगासारखे आले. डोळ्यांत, कानांत, बाहीत. मी नाचू लागलो. डोनाल्ड तसाच काम करत राहिला.

"तुम्हांला चावत नाहीत?"

"चावतात. नाचलं तर कमी चावतात का?"

गुरुवार : मासा

डोनाल्डने संध्याकाळी जेवायला बोलावलं. मला आणि केटी आजीला. आजी म्हणाली, "एकतर तुला नाही म्हणून सांगायचं असेल, नाहीतर त्याच्याकडे मासा उरला असेल."

खारवलेला हेरिंग मासा आणि सालासकट उकडलेले बटाटे. बाकी काही नाही. मी काटा-चमचा घेतला, कारण प्रशिक्षणात तेही बजावलं होतं. हेरिंगमध्ये केसांसारखे काटे. मी स्टीलच्या काट्याने माशाचा काटा काढत होतो आणि दोन्ही जिंकत होते. वर पाहिलं तर डोनाल्ड आणि केटी आजी, दोघंही हातांनी खात होती. बटाटा मोडायचा, मासा बोटांनी सोडवायचा, घास तोंडात.

"ठेव ते लोखंड खाली," डोनाल्ड म्हणाला. "हात नाहीत का?"

मग काय! आमच्याकडे धरणातला मासा खाऊन वाढलेला मी. बोटांनी मधला काटा एका झटक्यात सबंध बाहेर काढला. केटी आजीने वाचवून आणलेलं वाटीभर लोणचं पुढे ठेवलं. बरणीच्या तळाशी सावरलेलं, काचेच्या चुऱ्यासाठी दोनदा चाळून घेतलेलं. डोनाल्डने बटाट्याला लावून खाल्लं. चेहरा तांबडा झाला. डोळ्यांतून पाणी आलं.

"याने तुझे मोजे पिवळे झाले?"

"हो."

"नवल नाही." आणि त्याने पुन्हा घेतलं.

चहा झाल्यावर त्याने एकदम विचारलं, "तुमच्याकडे रविवारी धुणं धुतात?"

मी सांगितलं. बाबा इंजिनांच्या शेडमध्ये कामाला, ग्रीसने काळे झालेले त्यांचे कपडे, आठवड्याची एकच सुट्टी. आई कपडे घासायची आणि बाबा पिळायचे. चादर पिळताना एक टोक आईकडे, एक बाबांकडे. आठवड्यात तेवढाच वेळ दोघं समोरासमोर उभी असायची. आम्ही मुलं मधून पळायचो. मी बोलत होतो तसं मलाच नव्याने कळत होतं की मला रविवार का आवडतो.

डोनाल्डने चुलीत पीटचा एक तुकडा सारला.

"माझी आई पाठीवर टोपलीभर पीट घेऊन माळावरून यायची," तो म्हणाला. "आणि चालता चालता विणायची. हात रिकामे कसे ठेवायचे म्हणून. सहा दिवस मी तिचे हात थांबलेले पाहिले नाहीत. रविवारी ते मांडीवर असायचे. मी जमिनीवर बसून ते हात बघायचो."

केटी आजीने आपले हात एप्रनखाली घेतले.

घरी येताना मी तिला विचारलं, "ठेवतील का मला?"

"डोनाल्ड काय करेल ते डोनाल्डला रविवारीच कळतं."

पुन्हा रविवार

शनिवारी मी शहाण्यासारखं धुणं धुतलं आणि संध्याकाळच्या आत सगळं काढून, घड्या घालून ठेवलं. तार दोनदा तपासली. चिमटेसुद्धा डब्यात टाकले. बटाटे मी सोलले. सकाळी काळा कोट चढवला. तो केटी आजीने तिच्या नवऱ्याच्या कपाटातून काढून दिला होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, पण रंग बरोबर होता. आम्ही दोघं ताठ मानेने रस्त्याला लागलो. पुढे डोनाल्ड, मागे बाकीची मंडळी.

आणि मला तो दिसला.

कुंपणाच्या पार टोकाला, काटेरी तारेत अडकून, वाऱ्यावर डुलत असलेला एक पिवळा मोजा. रात्रीच्या वाऱ्याने गोठ्यामागून उडवून नेलेला, नाहीतर मीच विसरलेला. सगळं बेट ओळखत होतं असा एकमेव मोजा.

माझे पाय थांबले.

"बघू नकोस," केटी आजी ओठ न हलवता म्हणाली. "चालत राहा."

"आजी, हात वर करायच्या दिवशी!"

"चालत राहा म्हटलं ना."

पण डोनाल्ड थांबला होता. त्यामुळे मागची सगळी मंडळी थांबली. तो मोज्याकडे बघत होता. मोजा त्याच्याकडे बघून हलत होता. मला ओझर दिसलं, हार दिसला, दारात उभे बाबा दिसले.

डोनाल्डने कुंपणापाशी जाऊन तारेतून मोजा सोडवला, अगदी सावकाश, एकेक धागा. मग कोटाच्या खिशात घातला.

कुणीतरी मागून गेलिकमध्ये काहीतरी विचारलं. डोनाल्ड सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाला, "मेंढरू खाईल. घशात अडकेल. शब्बाथाच्या दिवशी मेंढरू खड्ड्यातून काढायला परवानगी आहे. शास्त्रात आहे."

मी आजूबाजूला पाहिलं. "कुठलं मेंढरू?" माझ्या तोंडून गेलंच.

डोनाल्डने बोट दाखवलं. दोन कुंपणं ओलांडून, टेकडीच्या उतारावर, आमच्याकडे पाठ करून एक मेंढरू चरत होतं.

"ते."

त्या दिवशी मी बूट घालून आत गेलो. गाताना बसलो, प्रार्थनेला उभा राहिलो. प्रवचन काय केलं ते आठवत नाही. उपासना संपल्यावर डोनाल्ड पुढे आला, सगळ्यांकडे तोंड केलं आणि म्हणाला, "या तरुणाला वर्षभर ठेवावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा."

केटी आजीचा हात आधी गेला. मग डोनाल्डने कोटाच्या खिशातला आपला हात काढून वर केला. त्या हाताला, बोटात अडकून, माझा पिवळा मोजा लटकत होता.

त्याला ते कळलं नाही. किंवा कळलं, कोण जाणे. त्याने हात खाली घेतला नाही. चर्चमध्ये हसत नाहीत म्हणून सगळी मंडळी मान खाली घालून थरथरत होती, आणि थरथरता थरथरता एकेक हात वर येत होता.

बाहेर पडताना मी डोनाल्डपुढे हात पसरला. "द्या, मी घेतो आता."

केटी आजीने माझी बाही धरून मला मागे ओढलं.

"खबरदार," ती म्हणाली. "तो आता उद्यापर्यंत त्याच्याच खिशात."